सुकन्या समृद्धी खातं: एकवीस वर्षांच्या योजनेत खरी मेख पाच तारखेची

सुकन्या समृद्धी या मुलींसाठीच्या सरकारी बचत योजनेच्या पासबुकात ३१ मार्च २०२५ ची व्याजाची नोंद छापून आली आणि आकडा हिशेबापेक्षा २७ रुपयांनी कमी निघाला. काउंटरवर उत्तर मिळालं, "व्याज सिस्टीम काढते, आमच्या हातात नाही." सिस्टीमने व्याज बरोबरच काढलं होतं. चूक हप्ता वळता होण्याच्या तारखेत होती आणि ती समजावून सांगायला शाखेतलं कुणीच तयार नव्हतं.

नियम असा, की महिन्याची पाच तारीख संपल्यापासून महिनाअखेरपर्यंत खात्यात जी सगळ्यात कमी शिल्लक असेल, तिच्यावरच त्या महिन्याचं व्याज मिळतं. पाचला जमा झालेला हप्ता धरला जातो, सहाला झालेला त्या महिन्यासाठी वाया जातो. दरमहा २,००० रुपयांची स्टँडिंग इन्स्ट्रक्शन, म्हणजे हप्ता आपोआप वळता करण्याची सूचना, पाच तारखेची होती. मे २०२४ आणि जानेवारी २०२५ मध्ये पाच तारखेला रविवार आला, शाखेने पैसे सोमवारी वळते केले आणि दोन हप्त्यांचं एकेका महिन्याचं व्याज बुडालं. ८.२ टक्के दराने २,००० वर महिन्याचे १३ रुपये ६७ पैसे होतात, त्याची दुप्पट करून बघा.

२७ रुपयांसाठी एवढं कशाला, असं वाटेल. पण पगार सातला होतो म्हणून दहा तारखेचा हप्ता लावलेली कितीतरी खाती आहेत. त्यांचं दर महिन्याला हेच होतं. वर्षाचे १६४ रुपये गेले. पंधरा वर्षं असंच चाललं आणि दर ८.२ टक्केच राहिला असं धरलं, तर एकविसाव्या वर्षी हातात येणारी रक्कम सुमारे ७,२५० रुपयांनी कमी भरते. खिशातून एक पैसा जास्त न घालता वाचणारे पैसे आहेत हे, सोडायचे का? पगार सातला होत असेल तर हप्ता पुढच्या महिन्याच्या एक तारखेला लावा आणि तोवर पैसे बचत खात्यात राहू द्या. पाच तारीख तर लावूच नका, रविवार आणि सणाची सुट्टी कधी आड येईल सांगता येत नाही. चेकने भरत असाल तर चेक दिल्याची नव्हे, वटल्याची तारीख धरतात, म्हणून तो आदल्या महिन्याच्या शेवटच्या आठवड्यातच टाका.

पासबुक भरून घेताना व्याजाच्या आकड्याआधी तारखेचा रकाना वाचा. बारा ओळी असतात, दोन मिनिटांचं काम. पोस्टातलं खातं असेल तर इंडिया पोस्ट पेमेंट्स बँकेच्या अ‍ॅपमधून, पोस्टाच्या योजनांच्या भागात सुकन्या निवडून, खाते क्रमांक आणि ग्राहक क्रमांक टाकून हप्ता भरता येतो, रांग वाचते. मात्र ती नोंद पासबुकावर आपोआप उमटत नाही. पावती फोनमध्ये जपून ठेवा आणि मार्च संपला की एकदा काउंटरवर जाऊन पासबुक छापून घ्या.

आता मत कुठे बदललं ते. वर्षाची सगळी रक्कम ५ एप्रिलच्या आत एकदम भरा, हा सल्ला सगळीकडे मिळतो. आकडे त्याच्या बाजूने आहेत: खातं एप्रिलमध्ये उघडलं आणि दर ८.२ टक्के राहिला, तर महिन्याला वेळेत २,००० भरून एकवीस वर्षांनी सुमारे ११ लाख ९ हजार होतात, वर्षाचे २४,००० एप्रिलमध्येच भरले तर सुमारे ११ लाख ४९ हजार. फरक चाळीस हजारांचा. हा सल्ला मीही देत असे, आता सरसकट देत नाही. हा फरक ज्याच्याकडे एप्रिलमध्ये २४,००० तयार आहेत त्याच्यासाठीच खरा आहे. महिन्याच्या पगारातून साठवणारे लोक काय करतात, तर वर्षभर आरडीत, म्हणजे आवर्ती ठेवीत, पैसे जमवतात आणि पुढच्या एप्रिलमध्ये सुकन्यात टाकतात. तिथे तोटाच आहे. आरडीचा दर कमी, त्यावरचं व्याज करपात्र, आणि सुकन्याचं व्याज करमुक्त. हातात आलेले पैसे वर्षभर न थांबवता येत्या पाच तारखेच्या आत भरणं केव्हाही चांगलं. दिवाळीचा बोनस मिळाला तर तोही थांबवून ठेवू नका. किमान २५० आणि कमाल दीड लाख या वर्षाच्या मर्यादेत कितीही वेळा भरता येतं, फक्त रक्कम ५० च्या पटीत हवी.

८.२ टक्के हा आकडा कोरलेला नाही, हेही ध्यानात ठेवा. दर तिमाहीला जाहीर होतो आणि बदलला की नव्या हप्त्यांनाच नव्हे, साठलेल्या सगळ्या रकमेला लागू होतो. २०१५-१६ मध्ये ९.२ होता, २०२० ते २०२३ अशी तीन वर्षं ७.६ होता, जानेवारी २०२४ मध्ये ८.२ झाला. त्यामुळे वरचे लाखांचे आकडे अंदाज म्हणून घ्या. तारखेचं गणित मात्र कुठल्याही दराला तसंच राहतं.

मुदतीचा घोळही वारंवार दिसतो. एकवीस वर्षं मोजायची ती खातं उघडल्यापासून, मुलीच्या वयापासून नाही. एका वर्षाच्या मुलीचं खातं ती बावीसची झाल्यावर पूर्ण होतं, नऊ वर्षांच्या मुलीचं ती तीस वर्षांची झाल्यावर. हप्ते पंधरा वर्षंच भरायचे, पुढची सहा वर्षं नुसतं व्याज चढतं. तेव्हा मुलगी दहा वर्षांची होईपर्यंत खातं उघडता येतं म्हणून नवव्या वर्षापर्यंत थांबू नका. जन्मदाखल्यावर बाळाचं नाव अजून चढलेलं नसेल तर आधी ते काम उरका, पुष्कळ खाती तिथेच अडतात.

एखादं वर्ष हप्ता चुकला तर खातं बंद पडत नाही. चुकलेल्या प्रत्येक वर्षाचे २५० आणि वर ५० रुपये दंड भरला की ते पुन्हा सुरू होतं. आजी-आजोबा कायदेशीर पालक नसताना त्यांनी उघडलेलं खातं असेल तर ते आई-वडिलांच्या किंवा कायदेशीर पालकाच्या पालकत्वाखाली बदलून घ्यावं लागतं, १ ऑक्टोबर २०२४ पासून त्याची सक्ती आहे.

शिक्षणासाठी पैसे लागले तर मुलगी अठरा वर्षांची झाल्यावर किंवा दहावी पास झाल्यावर, यांपैकी जे आधी होईल तेव्हापासून काढता येतात. मर्यादा मागच्या आर्थिक वर्षाअखेरच्या शिल्लकेच्या निम्म्यापर्यंत. जूनमध्ये प्रवेश असेल तर ३१ मार्चची शिल्लक धरतात, एप्रिल-मेमध्ये भरलेले पैसे हिशेबात येत नाहीत. फीच्या मागणीपेक्षा जास्त रक्कम मिळत नाही, त्यामुळे अर्जाबरोबर प्रवेशपत्र किंवा कॉलेजची फीची चिठ्ठी जोडा. वसतिगृहाचे पैसे त्या चिठ्ठीत नसतील तर ते वेगळे उभे करण्याची तयारी आधीच ठेवा.