जिप्सीचं जुनं इंजिन

एप्रिल २०२२ मध्ये मुंबईत पेट्रोल लिटरला १२० रुपये ५१ पैशांवर गेलं, तेव्हा माझी मारुती जिप्सी मुलुंडच्या आमच्या सोसायटीत उभी होती आणि काटा रिझर्व्हच्याही खाली टेकला होता. टाकी ४० लिटरची. फुल करायची म्हणजे पाच हजारांची नोट-मोजणी. त्या आठवड्यात मी जो विचार केला तो रागाच्या भरात केला, हे आधीच कबूल करतो.

गाडी २००८ ची, एमपीएफआय, म्हणजे कार्ब्युरेटरऐवजी इंजेक्टरने पेट्रोल घेणारं, १२९८ सीसीचं इंजिन. मी २०१५ मध्ये सेकंडहँड घेतली. ऑफिसला लोकलनेच जातो, गाडी महिन्यातून दोनदा निघते. माळशेज, भंडारदरा, पावसाळ्यात कर्जतच्या पुढे कुठेतरी चिखल तुडवायला. मीटर बघून हिशेब केला की अ‍ॅव्हरेज लिटरला साडेआठ यायचं. जिप्सी म्हणजे चाकांवर ठेवलेलं कपाट, वाऱ्याला छाती देऊन पळणारं, त्यात मी वर जाड नक्षीचे मोठे टायर चढवलेले. दुसरं काय होणार होतं?

ओळखीच्या एकाने कुर्ल्यातलं गॅरेज सुचवलं. भंगार आणि स्पेअरच्या दुकानांमधून आत शिरलं की शेवटी एक पत्र्याची शेड. तिथल्या मेकॅनिकने बॉनेट उघडलं, इंजिन पाच मिनिटं चालू ठेवून ऐकलं आणि म्हणाला, "साहेब, इंजिन मस्त आहे. पण पेट्रोल पाजून पाजून तुम्ही भिकेला लागाल." मग ऑइल फिल्टरच्या खोक्याचं झाकण फाडून त्यावर हिशेब मांडला. मारुतीच्या जुन्या झेन डिझेल कारमध्ये यायचं ते प्यूजो कंपनीचं १५२७ सीसीचं इंजिन बसवायचं. महिन्याला दीड हजार किलोमीटर धरले. पेट्रोलवर लिटरला साडेआठ, डिझेलवर अठरा. वर्षाला दीड लाख वाचतात. खर्च एक लाख सत्तर हजार, त्यातून जुन्या इंजिनाचे पंधरा हजार वजा, म्हणजे एक पंचावन्न. वर्षभरात पैसे वसूल.

झाकण मी घरी आणलं. बायकोने एक नजर टाकली. "गाडी महिन्यातून दोनदा बाहेर पडते आणि तू हिशेब टॅक्सीचा करतोयस." मी म्हणालो, डिझेल झाल्यावर जास्त फिरू. माझ्या महिन्याच्या ४०० किलोमीटरवर गणित करायला पाच मिनिटंही लागली नसती. पण एकदा मनात डिझेल भरलं की माणूस आकडे स्वतःच्या बाजूने वाकवतो.

तरी मी खात्री मागितली. त्याने ती दिली, आणि इथेच मी पुरता गळाला लागलो. रात्री एकच्या सुमारास, दुसऱ्या कुणा गिऱ्हाइकाच्या डिझेल केलेल्या जिप्सीत आम्ही चेंबूरहून ईस्टर्न फ्रीवेला लागलो. टाकीची नळी बंद केलेली, बॉनेटखाली तारेने बांधलेली प्लास्टिकची बाटली, तिच्यात मोजून एक लिटर डिझेल. फ्रीवे १६.८ किलोमीटरचा, एकही सिग्नल नाही. पठ्ठ्याने टॉप गिअरमध्ये पन्नासच्या वर काटा जाऊ दिला नाही. पी. डिमेलो रोडला उतरलो तेव्हा बाटलीत दोन बोटं डिझेल शिल्लक. मी ती बाटली मोबाइलच्या उजेडात हातात धरून बघितली आणि मनातल्या मनात चेक फाडला. ज्या वेगाने मी आयुष्यात कधी घाट चढणार नाही, ज्या रस्त्यावर खड्डा नाही की चढ नाही, तिथलं अ‍ॅव्हरेज मी माळशेजला लावलं.

बाटलीत लबाडी नव्हती, फक्त रस्ता निवडलेला होता. खरी लबाडी टायरात होती. कंपनीचा २०५/७० आर १५ टायर काढून मी २३५/७५ आर १५ बसवला होता. त्याचा व्यास सुमारे दहा टक्क्यांनी मोठा. चाक एकदा फिरलं की गाडी जास्त पुढे जाते, पण मीटरला ते कळत नाही, ते जुन्याच चाकाचा हिशेब धरतं. म्हणजे माझं साडेआठ मुळात साडेआठ नव्हतंच, ते सव्वानऊच्या पुढे होतं. काम झाल्यावर मात्र मेकॅनिकने अ‍ॅव्हरेज मोजायला मोबाइलचं जीपीएस लावलं. आधीचा आकडा मीटरचा, नंतरचा जीपीएसचा. गाडीला हात न लावताही दहा टक्के फायदा दिसला असता. शिवाय आधी टाकी गळ्यापर्यंत भरून मोजलेली आणि नंतर नोझल पहिल्यांदा कट झालं तिथेच थांबवलेलं. हे मला सहा महिन्यांनी एका मित्राने वहीवर आकृती काढून समजावलं, तेव्हा लाज वाटली. मी कॉमर्सचा आहे, पण वर्तुळाचा परीघ आम्हालाही शिकवला होता.

गाडी महिन्याऐवजी अडीच महिन्यांनी मिळाली. झेनमध्ये हे इंजिन आडवं बसतं, जिप्सीत उभं. मधे गिअरबॉक्सला जोडायला अडॅप्टर प्लेट लागते, ती त्याने शेजारच्या लेथवर करून घेतलेली. प्लेट केसभर जरी तिरकी असली तरी गिअरबॉक्सचं बेअरिंग रडायला लागतं. माझं दुसऱ्या ट्रिपलाच रडलं. हे इंजिन बिनटर्बोचं, सत्तावन्न अश्वशक्तीचं. पेट्रोल इंजिन ऐंशीचं होतं आणि मोकळेपणी वर फिरायचं. गिअर मात्र सगळे त्याच पेट्रोल इंजिनाच्या मापाचे राहिले. त्यामुळे हायवेला ऐंशीवर इंजिन आरडाओरडा करायचं आणि माळशेजमध्ये दुसऱ्या गिअरमध्ये मागून एसटी हॉर्न द्यायची. चिखलात लो रेंज, म्हणजे कमी वेगाचे जास्त ताकदीचे गिअर, टाकली की मात्र मजा यायची, ते नाकारत नाही. अ‍ॅव्हरेज साडेबारा. तोवर पेट्रोल १०६ वर आणि डिझेल ९४ वर उतरलं होतं. माझ्या वर्षाच्या ४,८०० किलोमीटरवर बचत अठरा-साडेअठरा हजार. कागदांचे वेगळे घेतलेले तीस हजार धरले तर खर्च एक लाख पंच्याऐंशी हजार. दहा वर्षं लागली असती वसूल व्हायला, बेअरिंगचा खर्च सोडून.

कागदांचं सांगायचं राहिलं. "आरसीवर चढवून देतो, माणूस आहे आपला," म्हणून त्याने तीस हजार घेतले. दर महिन्याला फाइल "साहेबांच्या टेबलावर" असायची. दरम्यान पीयूसी संपलं. नोंद पेट्रोलची, म्हणून पीयूसी सेंटरच्या पोराने पेट्रोल गाड्या तपासायची नळी डिझेलच्या सायलेन्सरमध्ये खुपसली. डिझेलच्या धुरात कार्बन मोनॉक्साइड तसाही कमीच असतो. मागे काळा धूर, आणि कागदावर माझी गाडी कधी नव्हे इतकी स्वच्छ! मी हसलो तेव्हा. खरं तर तिथेच घाम फुटायला हवा होता.

नोव्हेंबर २०२३ मध्ये गाडीला पंधरा वर्षं झाली आणि नोंदणीच्या नूतनीकरणासाठी आरटीओत न्यावी लागली. निरीक्षकांनी बॉनेट उघडायला सांगितलं, आत वाकले आणि म्हणाले, "अहो, ही तर झेन आहे." मग टॉर्च मागवून इंजिन नंबर बघितला. मलाही दाखवला. शेवटचे तीन आकडे बाकीच्यांपेक्षा जरा मोठे, किंचित वर सरकलेले, आणि खाली ग्राइंडर फिरवल्याची चमक. "हा नंबर कंपनीचा नाही," ते शांतपणे म्हणाले. इंजिन कुठून आलं याचं बिल आहे का? होतं ना. कॅश मेमो, त्यावर "१ नग इंजिन, जुने". नंबर नाही, जीएसटी नाही, दुकानाचा पत्ता अर्धा पुसट.

त्यांनी जे सांगितलं ते मी नंतर वाचूनही खात्री केली. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे गाडीत असा बदल करता येत नाही की आरसीवरचा तपशील कंपनीने मूळ दिलेल्या तपशिलाशी जुळणार नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही तेच बजावलंय. त्याच मेकचं, त्याच प्रकारचं इंजिन असेल तर आधी परवानगी घेऊन, बिल दाखवून बदलता येतं. मंजूर सीएनजी किटलाही वाट आहे. पण पेट्रोलच्या जिप्सीत भंगारातलं डिझेल इंजिन? त्याला कलम १८२ए आहे, प्रत्येक बदलाला पाच हजार दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. म्हणजे तीस हजारांत चढवून देण्यासारखं तिथे काही नव्हतंच. अपघात झाला असता तर विमा कंपनीने काय केलं असतं, तो विचार मी रात्री दोनला करतो.

निरीक्षक बरे होते. म्हणाले, "जुनं इंजिन परत बसवून आणा, आरसीवर त्याचाच नंबर आहे." आणि मला पंधरा हजार आठवले.

मी धावत कुर्ल्याला. "ते केव्हाच गेलं साहेब, पुण्याकडच्या पार्टीला." स्पेअरवाल्या एका जुन्या दुकानदाराला विचारलं तर तो माझ्याकडे बघतच राहिला. जिप्सी २०१९ मध्ये बंद झाली. रॅलीवाले आणि ऑफरोडवाले चालू एमपीएफआय इंजिन शोधत फिरतात, तेही ईसीयू (इंजिनाचा कॉम्प्युटर) आणि वायरिंगसकट, आणि वर त्याला खरा, न घासलेला नंबर. "पन्नासच्या खाली कुणी देणार नाही," तो म्हणाला. तेव्हा मला ते पहिलं वाक्य नीट ऐकू आलं: साहेब, इंजिन मस्त आहे. मेकॅनिक पाच मिनिटं जे ऐकत होता ते माझं दुखणं नव्हतं, त्याचा माल होता. मला डिझेल इंजिन विकणं हा जोडधंदा. आरसीवरचा नंबर असलेलं इंजिन मी टेम्पोत चढवायला स्वतः हात लावला होता आणि पंधरा हजारांच्या पावतीवर सहीही केली होती. पोलिसांत गेलो तर त्यांनी मला तीच सही दाखवली. तीस हजारांचा लेखी पुरावा काहीच नाही, रोख दिलेले.

गाडी आता कव्हर घालून कंपाउंडच्या भिंतीला उभी आहे. तसंच पेट्रोल इंजिन बिलासकट मिळतंय का बघतोय. आतापर्यंत तीन बघितली, तिन्हींचे नंबर घासलेले. गेल्या महिन्यात त्याच शेडमधल्या पोऱ्याचा फोन आला. आवाज अगदी मायेचा. "साहेब, तुमच्या जिप्सीला गिऱ्हाईक आहे. चाळीस हजार देतो. पेपर नसले तरी चालतील."