कुर्त्याखालचं पिस्तूल: फिल्स्टर एनिग्मा वापरून पाहिल्यावर

बाजारातला जवळपास प्रत्येक होल्स्टर, म्हणजे पिस्तूल अंगावर लावायचं म्यान, एक गोष्ट गृहीत धरतो: तुमच्या कमरेला जाड, ताठ पट्टा आहे आणि तो जीन्सच्या लूपमधून ओवलेला आहे. मी रोज कुर्ता आणि सलवार घालते, नाहीतर कुर्ता आणि लेगिंग. भरलेलं पिस्तूल अर्ध्या किलोच्या वर जातं. ते वजन नाडीवर टाकलं तर सलवार तरी खाली येते, नाहीतर पिस्तूल बाहेर कलंडतं आणि मूठ कुर्त्यातून टोकासारखी वर येते. आपल्या बायकांना इथे अमेरिकेत हा प्रश्न नेहमी पडतो आणि त्यावर मराठीत कुणी लिहिलेलं माझ्या पाहण्यात नाही. म्हणून मी वापरते त्या फिल्स्टर एनिग्मा या पट्टा न लागणाऱ्या पँटवरही चालणाऱ्या होल्स्टरबद्दल हे सविस्तर.

ह्यूस्टनला आमचं किराणा दुकान आहे. रात्री गल्ला मोजून, शटर ओढून, रोकड घेऊन गाडीपर्यंत जायचं काम बहुतेक वेळा माझ्याकडे असतं. माझं पिस्तूल सिग सावरचं पी-३६५. जेमतेम एक इंच जाड आणि छोट्या मॅगझिनमध्ये १० गोळ्या. टेक्सासमध्ये १ सप्टेंबर २०२१ पासून कायद्याने बंदी नसलेल्या २१ वर्षांवरच्या माणसाला परवान्याशिवायही हँडगन जवळ ठेवता येते. तरी मी परवाना काढला आहे आणि तो चालू ठेवणार आहे. चार ते सहा तासांचा वर्ग, मग ३, ७ आणि १५ यार्डांवरून ५० गोळ्यांची परीक्षा. एवढं तरी प्रत्येकाने करावं असं मला मनापासून वाटतं. शिवाय दुसऱ्या बऱ्याच राज्यांत तोच परवाना चालतो. एक गोष्ट आपल्या लोकांना मुद्दाम सांगते, कारण दुकानात बऱ्याचदा विचारतात: ग्रीन कार्ड असेल तर बंदूक घेता येते. एच-वन-बीसारख्या तात्पुरत्या व्हिसावर असाल तर केंद्राच्या कायद्याने मनाई आहे. शिकारीचा परवाना असण्यासारखे थोडे अपवाद आहेत, पण ते वकिलाला विचारल्याशिवाय स्वतःच्या अकलेने लावू नका.

आता कुणी म्हणेल, टेक्सासमध्ये होल्स्टरमध्ये उघडं पिस्तूल लावलं तरी चालतं, मग झाकायचा एवढा आटापिटा कशाला? कुर्त्यातून आकार दिसला म्हणून मला कुणी पकडणार नाही, हे खरं आहे. पण माझ्या दुकानात आज्या येतात, शाळेतून सुटलेली पोरं गोळ्या-चॉकलेटं घ्यायला येतात. काउंटरवर बाजरीचं पीठ मागताना समोरच्या बाईच्या पोटाशी पिस्तूल आहे हे त्यांना कळायची काहीएक गरज नाही. ज्याला लुटायचं आहे त्यालाही ते आधी कळू नये. दिसलं की पहिला डोळा आणि पहिला हात त्याच्यावरच जाणार.

एनिग्माची कल्पना साधी आहे. फिलाडेल्फियाच्या फिल्स्टर कंपनीने पट्टाच पँटपासून वेगळा काढला. एक चपटी प्लास्टिकची पट्टी, तिला स्क्रूने जोडलेला कायडेक्स नावाच्या प्लास्टिकचा कडक होल्स्टर, आणि दोन्ही बाजूंनी निघणारा अरुंद पट्टा. हा पट्टा कपड्यांच्या आत, दागिन्यातल्या कमरपट्ट्यासारखा अंगावर बांधायचा. त्याशिवाय मांडीभोवती जाणारा एक छोटा पट्टा असतो. पिस्तूल ओढताना होल्स्टर बरोबर वर येऊ नये म्हणून तो खालून धरून ठेवतो. म्हणजे वर सलवार असो, लेगिंग असो की झोपायची पँट, पिस्तुलाचा भार तिच्यावर येतच नाही. बायकांना याचा आणखी एक फायदा कळेल: बाथरूममध्ये सलवार सोडली तरी पिस्तूल जागच्या जागी राहतं. कुठे काढून ठेवायचं आणि मग विसरायचं, हा सगळा धोकाच संपतो.

कपड्यातून काय दिसतं हे नीट समजून घेतलं पाहिजे. नळी जरा लांब असली तरी ती मांडीच्या सांध्याकडे खाली जाते आणि शरीराच्या घडीत लपते. दिसते ती मूठ. त्यातही मुठीचं मागचं खालचं टोक. म्हणून नळी छोटी घेऊन फार उपयोग नाही, मूठ छोटी हवी. मग ती मूठ पोटाकडे वळवावी लागते. त्यासाठी होल्स्टरला बाजूला एक पंखासारखा तुकडा असतो. पट्टा त्याच्यावर दाबला की मूठ आत फिरते. आणि होल्स्टरच्या खालच्या टोकामागे फोमचा पाचरीसारखा तुकडा चिकटवला की नळीचं तोंड बाहेर ढकललं जातं आणि वरचा भाग पोटाला टेकतो. माझ्यासारखं थोडं पोट असलेल्या बायकांना ही पाचर फार उपयोगी पडते. एनिग्मामध्ये पट्टी किती तिरपी बसवायची, पट्टा कुठून ओढ घेणार, हे सगळं आपल्या अंगाप्रमाणे बदलता येतं. त्याला वेळ द्यावा लागतो, छोटा स्क्रू-ड्रायव्हर घेऊन आरशासमोर बसावं लागतं. कंपनीचे व्हिडिओ त्यासाठी चांगले आहेत, ते बघूनच करा. पट्टा कमरेवर बांधायचा नाही, त्याच्या बराच खाली, ओटीपोटाच्या हाडांवर बसवायचा. सगळा फरक तिथे आहे.

कुर्त्याच्या कापडाचं बोलू. शर्टापेक्षा कुर्ता या कामाला कितीतरी चांगला. वरच्या फळीवरचा मसाल्याचा डबा काढायला हात वर केला की शर्ट बेंबीपर्यंत चढतो, कुर्ता चढत नाही. पण कापड चुकलं तर काही खरं नाही. रेयॉन, जॉर्जेट, शिफॉन अंगाला चिकटतात, आणि स्थिर वीज भरली की मुठीची कडा रेघ ओढल्यासारखी दिसते. फिकट एकरंगी रेशमावर ट्यूबलाइटचा उजेड बाजूने पडला की सावली पडते. खादी, जरा जाड मंगलगिरी, इंडिगो छापाचं सुती कापड उत्तम. बारीक बुट्टी किंवा अजरखसारखी दाट नक्षी असेल तर डोळा आकार धरतच नाही. मोठे चौकोन आणि उभ्या रेघा मात्र टाळा, कारण रेघ जिथे वाकते तिथे नेमकं लक्ष जातं. माप पोटाशी दोन बोटं सैल. आणि बाजूच्या चिरा कमरेपर्यंत नकोत. पार्किंगमध्ये वारा आला की पुढचा पदर उडतो. मी आता शिवताना चिरा खालीच थांबवायला सांगते आणि लांबी गुडघ्याच्या वर ठेवते. घोळदार, पोटरीपर्यंत पोचणारा कुर्ता झाकतो छान, पण गरजेच्या वेळी तो सगळा घोळ एका हाताने वर गोळा करायला लागतो. तेवढा वेळ मिळेलच असं नाही.

नाडीबद्दल जे सांगते ते कृपा करून गंभीरपणे घ्या. नाडीची गाठ नेमकी पोटाच्या मधोमध येते, होल्स्टरच्या शेजारी. पिस्तूल परत होल्स्टरमध्ये घालताना लोंबणारं टोक, गोंडा किंवा ओढणीची किनार आत गेली आणि ट्रिगरपाशी अडकली, तर गोळी सुटू शकते. पँटच्या आणि जॅकेटच्या दोऱ्यांनी असे अपघात होतात हे शिकवणारे वारंवार सांगतात. मी सलवारींना नाडी ठेवलीच नाही, सगळीकडे इलॅस्टिक घातलं. ओढणी दुकानात घेत नाही. आणि होल्स्टर अंगावर बांधलेला असताना पिस्तूल त्यात घालायचं नाही हा माझा नियम आहे. अख्खा एनिग्मा सोडायचा, टेबलावर ठेवायचा, डोळ्यांनी बघत पिस्तूल त्यात बसवायचं, मग पट्टा बांधायचा. वेगळा पट्टा असल्यामुळे हे सहज जमतं, आणि मला विचाराल तर ही या वस्तूची सगळ्यात मोठी गुणाची बाजू आहे.

याच्या आधी मी पोटावर गुंडाळायचा इलॅस्टिकचा पट्टा वापरला. कंपनीचं नाव सांगण्यात अर्थ नाही, कारण तशा प्रकारचे बरेच पट्टे सारखेच असतात. मऊ कापडाचा कप्पा ट्रिगर नीट झाकत नाही, बाहेरून दाब पडला तर कापडासकट बोट आत गेल्यासारखंच होतं. घाम आला की पट्टा गोळा होतो, मग सारखा ओढून नीट करावा लागतो, आणि तो हात कुणाच्याही नजरेत भरतो. पर्समध्ये ठेवण्याच्या मी साफ विरोधात आहे. पर्स ट्रॉलीत राहते, खुर्चीला टांगली जाते, नातवंडं च्युइंगगम शोधायला तिच्यात हात घालतात. आणि चोर आधी पर्सच हिसकावतो.

घरी तपासायचं असेल तर आरसा पुरेसा नाही, आरशासमोर आपण ताठ उभे राहतो. पिस्तूल पूर्ण रिकामं करून, गोळ्या दुसऱ्या खोलीत ठेवून, लेकीला फोनवर व्हिडिओ काढायला सांगितला. मी खालच्या फळीवरून आट्याची २० पौंडी पिशवी काढली, गाडीत बसले, उतरले, वाकून चप्पल घातली, दोन्ही बाजूंनी चालले. कमरेतून वाकलं की मूठ मागे उठते, गुडघ्यात वाकलं की नाही, हे व्हिडिओत लख्ख दिसलं. आमच्याकडे हे म्हणाले, पिस्तुलापेक्षा तुझा हात सारखा तिकडे जातोय तो थांबव. बरोबर होतं त्यांचं. आता जात नाही, कारण हलतच नसेल तर चाचपायचं कशाला.

ह्यूस्टनच्या उन्हाळ्यात कुठलंही कडक प्लास्टिक उघड्या अंगाला सुसह्य नाही. आत लांब सुती स्लिप घालायची, पट्टा तिच्यावर. घामाने स्क्रू सैल होतात का ते आठवड्याला बघायचं. दर काही एनिग्माचा कमी नाही. पट्टी आणि पट्टे मिळून शंभर डॉलरच्या वर जातात, होल्स्टर वेगळा घेतला तर आणखी. पिस्तुलाप्रमाणे होल्स्टर जोडूनच मिळणारा प्रकार आहे, नवख्या माणसाने तोच घ्यावा. मागवताना उजवा हात की डावा हे नीट बघा.

साडीवर मात्र हे चालत नाही. निऱ्या नेमक्या होल्स्टरवर येतात. झाकायला त्यांच्यासारखं दुसरं काही नाही, पण त्यातून पिस्तूल बाहेर काढणं अशक्य, आणि काढता येत नसेल तर अंगावर ठेवून उपयोग शून्य. सणाला, लग्नाला, मंडळाच्या कार्यक्रमाला साडी नेसते तेव्हा पिस्तूल घरच्या तिजोरीत राहतं. तसंही मंदिराच्या किंवा सभागृहाच्या दारावर टेक्सासच्या कायद्यातल्या ३०.०६ किंवा ३०.०७ कलमाची पाटी असली तर परवानाधारकालाही अनुक्रमे झाकलेलं आणि उघडं पिस्तूल आत नेता येत नाही, आणि पोस्टात तर कुठल्याच कपड्यांत चालत नाही. दाराशी पोचल्यावर पाटी दिसली तर ठेवायला गाडीत सीटच्या सांगाड्याला तारेने बांधलेली छोटी कुलूपबंद पेटी घ्या. एनिग्मा पट्ट्यासकट तिच्यात मावतो.