संकलन केंद्रावरचं अल्ट्रासॉनिक दूध तपासणी यंत्र: वेग उत्तम, आकडा मात्र तपासून घ्या

गावोगावच्या संकलन केंद्रांवर फॅट मोजायच्या जर्बर पद्धतीच्या बाटल्या मागे पडून ही यंत्रं आली. नमुना नळीला लावला की साधारण मिनिटभरात फॅट, एसएनएफ (स्निग्धांश सोडून दुधातले बाकीचे घन घटक) आणि डिग्री (दुधाच्या घनतेचा लॅक्टोमीटरवरचा आकडा) पावतीवर. ॲसिड नाही की सेंट्रिफ्यूज नाही. सकाळच्या रांगेत दुसरं काही परवडणारही नाही, त्यामुळे वेगाला पैकीच्या पैकी गुण.

अचूकतेला तेवढे देता येत नाहीत. यंत्र वाईट नाही, ते राखलं जात नाही. आतल्या सेन्सरवर स्निग्धांशाचा थर बसतो. रोज काम संपल्यावर अल्कली क्लीनर आणि गरम पाणी, आठवड्यातून एकदा ॲसिड क्लीनर, एवढं झालं नाही की आकडे सरकू लागतात. म्हशीच्या दुधानंतर नळी न धुता गाईचा नमुना लावला, तर आधीच्याचा अंश पुढच्याच्या पावतीवर चढतो. गाय-म्हैस सेटिंग बदलायचं राहिलं तर विचारूच नका.

फेस हा दुसरा शत्रू. नुकत्याच काढलेल्या, कॅनमध्ये हिंदकळत आलेल्या दुधात हवा असते आणि तिने एसएनएफचा आकडा चुकतो. नमुना घेण्याआधी पळीने दूध सावकाश वर-खाली करावं, फेस बसू द्यावा.

एवढी चिकित्सा कशासाठी? रोज 40 लिटर दूध घालणाऱ्याचा एसएनएफ 8.5 ऐवजी 8.3 लागला, तर दोन पॉइंट गेले (0.1 म्हणजे एक पॉइंट). कपात लिटरमागे पॉइंटला 30 पैसे धरली तर दहा दिवसांच्या बिलात 240 रुपये, 1 रुपया धरली तर 800. कपात किती, ते दरपत्रकातच बघावं. जुलै 2024 मध्ये महाराष्ट्रात 3.5 फॅट, 8.5 एसएनएफच्या गाईच्या दुधाला लिटरमागे दूध संघांचे 30 आणि शासनाच्या अनुदानाचे 5 रुपये ठरले. त्याच वर्षी ऑक्टोबरपासून 28 आणि 7 झाले. बेरीज 35 च, पण संघाचे दोन रुपये अनुदानाकडे सरकले, आणि अनुदान काही दहा दिवसांच्या बिलासोबत येत नव्हतं. अशा दरात दोन पॉइंट म्हणजे सरकी पेंडीचे पैसे.

पडताळणी जर्बरनेच होते: 10 मिली सल्फ्युरिक ॲसिड, 10.75 मिली दूध, 1 मिली अमाइल अल्कोहोल. त्याच नमुन्याचं यंत्रावरचं फॅट सारखं एकाच बाजूला चुकत असेल, तर कॅलिब्रेशन (यंत्राचे आकडे जुळवून घेणं) मागा. डिग्रीवरून एसएनएफ काढताना (डिग्री भागिले 4, अधिक 0.2 गुणिले फॅट, अधिक स्थिरांक) शेवटचा स्थिरांक 0.36 की 0.44, हेही विचारा. नुसत्या तेवढ्याने 0.08 चा फरक पडतो.

घरी एक लॅक्टोमीटर आणि थर्मामीटर ठेवावा. लॅक्टोमीटरवर लिहिलेल्या तापमानालाच, धार काढल्यावर तासाभराने डिग्री घ्यावी. गरम दुधात ती कमीच दिसते, मग भांडण उगाच केंद्रचालकाशी.