एक्झिमा (त्वचा कोरडी पडून खाजणारा दाह): मीठ कमी करावं की मलमावर भर द्यावा?

मलमाची बाजू भक्कम. आंघोळीनंतर अंग ओलसर असतानाच मॉइश्चरायझर लावलं की ओलावा टिकतो, खाज उतरते. त्रास बळावला तर डॉक्टरांनी दिलेलं स्टिरॉइड मलम दाह आटोक्यात आणतं.

मिठाचा मुद्दा नवा, पण झटकून टाकण्यासारखा नाही. २०२४ च्या एका अभ्यासात ब्रिटनमधल्या दोन लाखांहून जास्त लोकांच्या लघवीतलं सोडियम, म्हणजे मिठातला एक घटक, पाहिलं; त्यावरून खाल्लेल्या मिठाचा अंदाज येतो. दिवसाला १ ग्रॅम, म्हणजे साधारण अर्धा लहान चमचा मिठात असतं तेवढं, सोडियम जास्त असलेल्यांत एक्झिमाचं निदान होण्याची शक्यता ११ टक्क्यांनी अधिक दिसली. हा फक्त संबंध. मिठानेच एक्झिमा होतो, असं यातून सिद्ध होत नाही.

दिवसाला ५ ग्रॅमच्या आत मीठ रक्तदाबासाठीही चांगलंच, तेव्हा जरूर कमी करा. मात्र त्या भरवशावर मलम थांबवू नका, मुलांचं तर अजिबात नाही.