पहिल्या ट्रायथलॉनच्या तयारीत वजन उतरवताना वापरलेली तीन उपकरणे : काही महिन्यांनंतरचा अनुभव

मनगटावरचे घड्याळ, शरीरातील चरबीचा अंदाज सांगणारा वजनकाटा आणि स्वयंपाकघरातला छोटा डिजिटल काटा, ही तीन उपकरणे गेल्या पावसाळ्यापासून माझ्या रोजच्या वापरात आहेत. या काळात मी ७५० मीटर पोहणे, २० किलोमीटर सायकल आणि ५ किलोमीटर धावणे अशा स्प्रिंट अंतराच्या पहिल्या ट्रायथलॉनची तयारी केली, पुण्याजवळच्या एका तलावावर ती पूर्ण केली आणि त्याच काळात ८१ किलोंवरून ७२ किलोंवर आले. उपयोगाचा क्रम लावायचा झाला तर तो किमतीच्या नेमका उलट लागतो. सर्वांत स्वस्त काट्याने सर्वाधिक काम केले आणि सर्वांत महाग घड्याळाचा ज्या आकड्यासाठी गाजावाजा होतो, तो आकडा वजन उतरवण्याच्या कामी आला नाही.

आधी हे वजन नेमके कशासाठी उतरवायचे, याचा विचार करायला हवा, कारण तिन्ही प्रकारांत त्याचा फायदा सारखा नसतो. पाण्यात शरीर तरंगते, चरबी तर पाण्याहून हलकीच असते. तिथे वेळ सुधारतो तो शरीर आडवे ठेवण्याने आणि श्वासाच्या लयीने. सपाट रस्त्यावर सायकलस्वाराची बहुतेक शक्ती हवेच्या विरोधाशी झुंजण्यात जाते, त्यामुळे दोन-चार किलोंचा फरक तिथे फारसा जाणवत नाही. चढावर मात्र प्रत्येक किलोचा हिशेब द्यावा लागतो. बोपदेव घाटात सुरुवातीला मला दोनदा थांबावे लागे; सायकल तीच, गिअर तेच, पण वजन उतरल्यावर मी तो घाट बसल्या बसल्या चढू लागले. धावण्यात सर्वांत मोठा लाभ आहे. धावताना प्रत्येक पावलाला जमिनीकडून शरीराच्या वजनाच्या दोन ते तीन पट भार पायावर येतो, म्हणून गुडघ्यांच्या दृष्टीने पहिल्या पाच किलोंचे मोल फार मोठे होते.

आता घड्याळाविषयी. हृदयगतीसाठी ते उत्तम आहे आणि त्यासाठी मी ते पुन्हा घेईन. सोपी धाव खरोखर सोपी ठेवणे, म्हणजे शेजारी धावणाऱ्याशी पूर्ण वाक्यांत बोलता येईल इतक्याच गतीने धावणे, हे नवख्या माणसाला सर्वांत अवघड जाते आणि तिथे घड्याळाचा धाक कामी येतो. पाण्यात मात्र त्याच्या हृदयगतीवर माझा विश्वास नाही, कारण त्वचा आणि प्रकाशाचा संवेदक यांच्यामध्ये पाणी शिरते आणि आकडे भरकटतात. खर्च झालेल्या कॅलरींचा आकडा तर मी मुख्य पडद्यावरून काढूनच टाकला. २०१७ मध्ये स्टॅनफर्ड विद्यापीठातील संशोधकांनी सात मनगटी उपकरणे तपासली होती. त्यांपैकी सहांची हृदयगतीतील चूक ५ टक्क्यांच्या आत होती. पण ऊर्जेच्या खर्चाबाबत सर्वांत अचूक ठरलेले उपकरणही सरासरी २७ टक्क्यांनी चुकले. धावण्यासाठी एक जुना, साधा अंदाज पुरेसा आहे: दर किलो वजनामागे दर किलोमीटरला साधारण एक किलोकॅलरी. ७६ किलो वजनाला पाच किलोमीटर म्हणजे ३८० च्या आसपास. माझे घड्याळ तेवढ्यासाठी ४७० दाखवत असे. हा फरक दिसायला लहान वाटतो, पण घड्याळाने दिलेली 'कमाई' जेवणात भरून काढण्याची सवय असेल, तर आठवड्याअखेर वजन जागचे हलत नाही.

सायकलसाठीही असा ताळा घेता येतो. स्वार आणि सायकल मिळून ८८ किलो धरले आणि चढ ३०० मीटरचा असला, तर गुरुत्वाकर्षणाविरुद्धचे काम सुमारे २६० किलोज्यूल होते. एका किलोकॅलरीत चारहून थोडे अधिक किलोज्यूल असतात आणि स्नायूंची कार्यक्षमता पाव भागाहून थोडी कमी असते, त्यामुळे आकडा तितकाच राहतो, म्हणजे साधारण २६० किलोकॅलरी खर्च होतात. घाट चढून आल्यावर टपरीवर दोन वडापाव आणि गोड चहा घेतला, तर हा चढ तिथेच फिटतो. व्यायामाने भूक वाढते आणि त्यातही पोहण्याने ती विलक्षण वाढते. थंड पाण्यातल्या व्यायामानंतर माणसे अधिक खातात, असे प्रयोगांतही दिसून आले आहे. डिसेंबरात तरण तलावातून बाहेर पडल्यावर लागणारी भूक ज्यांनी अनुभवली आहे, त्यांना हे वेगळे सांगायला नको. मी त्या सकाळी डब्यात दोन उकडलेली अंडी आणि भाकरी ठेवत असे, जेणेकरून घरी पोहोचेपर्यंत वाटेतल्या कुठल्याही दुकानाकडे पाहण्याची गरज पडू नये.

ट्रायथलॉनच्या तयारीत वजन उतरते ते स्वयंपाकघरात, म्हणून खरा उपयोग स्वयंपाकघरातल्या काट्याचाच झाला. फोडणीच्या आधी तेलाची बुधली काट्यावर ठेवायची, आकडा शून्यावर आणायचा, कढईत नेहमीसारखे तेल ओतायचे आणि बुधली पुन्हा काट्यावर ठेवायची. पहिल्यांदा काट्याने उणे ३४ दाखवले. ३४ ग्रॅम तेल म्हणजे तीनशेहून अधिक किलोकॅलरी, तीही एका वेळच्या, चौघांच्या एका भाजीत. आमटीची फोडणी, पोळ्यांना लावलेले तूप आणि शेंगदाण्याची चटणी अजून मोजायचीच होती. हेच तेल १६ ग्रॅमवर आणले, तरी घरात कोणालाही भाजीच्या चवीत फरक जाणवला नाही. शेंगदाण्याचे कूटही असेच: १०० ग्रॅमला साडेपाचशेहून अधिक किलोकॅलरी, आणि आपल्याकडे ते मुठीने पडते. मी ते बंद केले नाही, मोजून घालू लागले.

या काट्याने दुसरी गोष्ट दाखवली ती प्रथिनांची. वजन उतरताना स्नायू टिकवायचे असतील, तर दर किलो वजनामागे साधारण १.६ ग्रॅम प्रथिने घ्यावीत, असे क्रीडापोषणात सर्वसाधारणपणे सांगितले जाते. म्हणजे माझ्यासाठी दिवसाला ११५ ग्रॅमच्या आसपास. वरण-भात खाणाऱ्या घरात आपण डाळ भरपूर खातो, असा समज असतो. प्रत्यक्षात एका वाटी पातळ वरणातली कोरडी डाळ तोलली तर ती वीस-बावीस ग्रॅम भरते आणि तिच्यातून जेमतेम पाच ग्रॅम प्रथिने मिळतात. त्यामुळे वरण घट्ट झाले, मटकीच्या उसळीची वाटी मोठी झाली, अंडी रोजची झाली, ५० ग्रॅम सोयाबीनच्या वड्यांतून मिळणारी पंचवीसेक ग्रॅम प्रथिने आठवड्यातून तीनदा जेवणात आली. चतुर्थीच्या उपवासाची साबुदाणा खिचडी या हिशेबात बसत नाही, कारण तिच्यात पिष्ट आणि तेलच अधिक. उपवास मोडायचा नव्हता, म्हणून त्या दिवशी पनीर आणि दही वाढवले आणि व्यायाम पोहण्याच्या तंत्रापुरता ठेवला.

हे सारे कमी खाणे कोणत्या दिवशी करायचे, हा प्रश्न किती कमी खायचे यापेक्षा महत्त्वाचा आहे. आमच्या प्रशिक्षकांनी सुरुवातीलाच बजावले होते, "ताई, उपाशी पोटी लांबची सायकल मारून वजन उतरवायचं नाही. रविवारी पोटभर खा, कपात सोमवार-बुधवारी करा." त्याप्रमाणे हलक्या व्यायामाच्या दिवशी मी साधारण ४०० किलोकॅलरींची तूट ठेवली आणि लांब सायकल किंवा सायकल-धाव जोडीच्या दिवशी काहीच तूट ठेवली नाही. त्या सकाळी निघण्याआधी केळे किंवा राजगिऱ्याचा लाडू आणि परतल्यावर तासाभरात पूर्ण जेवण. स्नायू आणि यकृतात साठवलेले ग्लायकोजेन, म्हणजे व्यायामाला इंधन पुरवणारा पिष्टाचा साठा, सगळे मिळून जेमतेम अर्धा किलो असते. ते भरलेले नसेल तर व्यायाम फक्त उरकला जातो. त्यातून गती वाढत नाही, वर संध्याकाळी ताबा सुटून खाल्ले जाते. संपूर्ण काळात वजन उतरण्याचा वेग आठवड्याला अर्ध्या किलोच्या खालीच राहिला आणि याहून अधिक वेगाची अपेक्षा कोणी ठेवू नये, असे माझे ठाम मत आहे.

आता न्हाणीघरातल्या वजनकाट्याविषयी. वजन तो चोख सांगतो. पण रोजचे वजन हे मुख्यतः पाण्याचे गणित असते. ग्लायकोजेनच्या प्रत्येक ग्रॅमबरोबर सुमारे तीन ग्रॅम पाणी साठते, लोणचे-पापडातले मीठ पाणी धरून ठेवते, कठीण व्यायामानंतर सुजलेले स्नायूही पाणी धरतात आणि स्त्रियांच्या बाबतीत मासिक पाळीपूर्वी एक-दीड किलो वाढणे अगदी सामान्य आहे. लग्नाच्या जेवणानंतरच्या सकाळी काट्यावर १.३ किलो वाढलेले दिसले, तर ती चरबी असण्यासाठी आदल्या दिवशी गरजेपेक्षा दहा हजार किलोकॅलरी अधिक खाव्या लागल्या असत्या. म्हणून सकाळी उठल्यावर, काही खाण्यापिण्याआधी वजन करायचे आणि फक्त सात दिवसांची सरासरी पाहायची, हा नियम मी पाळला. पाळीच्या दृष्टीने तर एका महिन्याच्या आठवड्याची तुलना पुढच्या महिन्याच्या त्याच आठवड्याशीच करावी.

चरबीच्या टक्केवारीबद्दल मी इतके चांगले लिहू शकत नाही. पायांतून अतिशय सौम्य वीजप्रवाह सोडून त्याला होणारा अवरोध मोजायचा आणि उंची, वय, लिंग यांवरून सूत्राने चरबी काढायची, अशी ही पद्धत आहे. प्रवाह मुख्यतः पायांतूनच फिरतो, त्यामुळे पोटाबद्दल तो थेट काहीच सांगत नाही. एकाच दिवशी सकाळी ३६.१ आणि धावून आल्यावर ३३.४ टक्के असे आकडे मला मिळाले. ॲपमध्ये 'खेळाडू' हा पर्याय निवडताच त्याच क्षणी चरबी आणखी काही टक्क्यांनी खाली आली, शरीर मात्र तेच होते. यापेक्षा शिंप्याची टेप अधिक प्रामाणिक आहे. भारतीय स्त्रियांसाठी कमरेचा घेर ८० सेंटिमीटरच्या आत असावा, असे वैद्यकीय मार्गदर्शन आहे. मी ९४ वरून ८४ वर आले आहे आणि माझ्या दृष्टीने हाच या सगळ्या काळातला सर्वांत मोलाचा आकडा आहे.

वजनकाट्याचा एक उपयोग मात्र जाहिरातीत कधी दिसत नाही आणि तो मला फार आवडला. रविवारी सायकलवर निघण्याआधी आणि आल्यावर, घाम पुसून, वजन करायचे. दोन तासांच्या फेरीत मी ७५० मिलिलिटरची एक बाटली प्यायले आणि तरीही वजन १.१ किलोने घटले, म्हणजे घाम साधारण १.८५ लिटर, तासाला नऊशे मिलिलिटरहून अधिक. त्यानंतर सायकलला दुसऱ्या बाटलीची जागा करून घेतली, पाण्यात चिमूटभर मीठ आणि साखर आली आणि दुपारची डोकेदुखी थांबली. ते घटलेले १.१ किलो वजन म्हणून मोजायचे नाही, ते संध्याकाळपर्यंत पिऊन भरून काढायचे.

तिन्ही उपकरणे जे सांगत नाहीत, त्याकडे स्त्रियांनी विशेष लक्ष द्यावे, असे मी कळकळीने सांगते. व्यायाम वाढवून खाणे फार कमी केले, तर शरीर इतर कामांतून काटकसर करते. आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीने २०१४ मध्ये या अवस्थेविषयी सविस्तर निवेदन प्रसिद्ध केले असून पाळी अनियमित होणे, हाडे कमकुवत होणे, प्रतिकारशक्ती घटणे ही तिची लक्षणे आहेत. त्यात आपल्याकडे लोहाची कमतरता घरोघरी. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या २०१९–२१ च्या फेरीत १५ ते ४९ वयोगटातील ५७ टक्के स्त्रियांना रक्तक्षय असल्याचे आढळले होते. सुरुवात करण्यापूर्वी हिमोग्लोबिन, फेरिटिन (शरीरातील लोहाचा साठा दाखवणारे प्रथिन), बी-१२ आणि ड जीवनसत्त्व यांची तपासणी करून घ्यावी. माझे फेरिटिन खाली निघाले आणि डॉक्टरांच्या सल्ल्याने लोहाच्या गोळ्या घेतल्यावर धावण्यात जो फरक पडला, तो कोणत्याही उपकरणाने पडला नसता.

स्पर्धेच्या आधीचे दोन आठवडे मी तूट पूर्ण बंद केली. त्या दिवसांत वजन अर्ध्या किलोने वाढले, ते भरलेल्या ग्लायकोजेनचे आणि पाण्याचे होते आणि स्पर्धेत ते हवेच होते. स्पर्धा संपल्यावर व्यायाम निम्म्यावर आला, तेव्हा भूक लगेच कमी झाली नाही. त्या काळात स्वयंपाकघरातला काटा पुन्हा रोज बाहेर काढला.

घेणाऱ्यांसाठी थोडे व्यवहाराचे. स्वयंपाकघरातला काटा एक ग्रॅमपर्यंत मोजणारा, पाच किलो क्षमतेचा आणि पुसता येईल अशा काचेचा किंवा स्टीलचा घ्यावा. वजा करण्याची सोय असलेला असावा, नाहीतर तेलाची बुधली मोजता येणार नाही. वजनकाटा फरशीवर, एकाच जागी ठेवावा; सतरंजीवर किंवा पायपुसण्यावर ठेवला की आकडा बदलतो. चरबी मोजणारा काटा पेसमेकर बसवलेल्यांनी वापरू नये आणि गरोदर स्त्रियांनीही तो टाळावा. घरात अशी व्यक्ती असेल तर साधा काटाच घ्यावा, वजन उतरवण्याच्या कामात त्याने काहीही उणे पडत नाही.