कोकम गोझ मागवताना मेनूवर बोट ठेवा
‘मामा, आज व्हीट बिअर मागवायची नाही,’ मुंढव्यातल्या त्या ब्रूपबमध्ये (जिथली बिअर तिथेच बनते असा पब) शिरतानाच भाच्याने बजावलं. २००९ साली पुण्यात डूलाली हे ब्रूपब सुरू झालं, तेव्हापासून माझी धाव व्हीट बिअरपर्यंतच.

म्हणून कोकम गोझ. गोझ ही आंबट-खारट बिअर, मूळची जर्मनीतल्या गोस्लार गावची. गव्हाचं माल्ट (मोड आणून वाळवलेला गहू), धणे, चक्क मीठ आणि लॅक्टोबॅसिलसने आणलेला आंबटपणा, म्हणजे आपलं दही लावणाऱ्या जिवाणूंचंच घराणं. पहिल्या घोटाला जीभ दचकली. दुसऱ्याला आजोळचं कोकम सरबत आठवलं, साखर वजा करून. धणे मात्र शोधूनही सापडले नाहीत. मग मसाला शेंगदाणे मागवले आणि जोडी अशी जमली की दुसरा ग्लास आलाच.

पुढची बिअर हेझी आयपीए, आमरसासारखी गढूळ. तो आंब्याचा वास फळाचा नसून हॉप्सचा, म्हणजे बिअरला कडवटपणा आणि वास देणाऱ्या फुलांचा, हे मला पटवायला भाच्याला दहा मिनिटं लागली. नॉर्वेच्या क्वाइक यीस्टची एक एल प्रकारची बिअरही होती. हे यीस्ट ३५ अंशांतही खुशाल काम करतं, म्हणजे एप्रिलमधल्या पुण्याचा दाखला मिळायला हरकत नाही! चव ठीकठाक. लॅक्टोजवाली (दुधातली साखर घातलेली) स्टाउट ही काळी बिअर मात्र निव्वळ बासुंदी, अर्धी सोडली. (मी ताटात काही टाकत नाही, तरी.)

तक्रार एकच, गाण्यांचा आवाज. वेटरला तीनदा ‘गोझ’ सांगितलं, तर तिसऱ्यांदा त्याने विचारलं, ‘गोड काय देऊ काका?’