'अधिकाऱ्याची शपथच अवैध' म्हणणाऱ्याला एक रुपयाही देऊ नका

माझे ४१,७५० रुपये गेले आणि घर वाचवायला कायद्यानं दिलेली मुदतही गेली. माहेरी अजून सांगितलेलं नाही, लाज वाटते. पण तो माणूस आजही शिबिरं घेतोय, म्हणून लिहिते आहे.

मिस्टरांच्या वर्कशॉपच्या कर्जाला घर तारण होतं. हप्ते थकले आणि बँकेची सरफेसी कायद्याच्या (थकलेल्या कर्जासाठी बँकेला तारण ताब्यात घेऊ देणारा कायदा) कलम १३(२)ची ६० दिवसांची नोटीस आली: १८,४२,६१० रुपये भरा. ओळखीच्या एका ताईंनी त्या शिबिरवाल्या 'सरां'कडे नेलं. सरांचं म्हणणं असं, की राज्यघटनेच्या तिसऱ्या अनुसूचीप्रमाणे शब्दशः शपथ न घेतलेल्या अधिकाऱ्याच्या सहीला किंमतच नाही. मोबाईलवर बातमी दाखवली. मुंबई उच्च न्यायालयाच्या मुख्य न्यायमूर्तींनी शपथ घेताना नावाआधी 'मी' म्हटलं नाही, म्हणून शपथ सदोष, अशी याचिका थेट सर्वोच्च न्यायालयात दाखल झाल्याची. बातमी खरी होती. ऑक्टोबर २०२३ मध्ये न्यायालयानं ती याचिका फेटाळून याचिकाकर्त्याला ५ लाखांचा दंड ठोठावला, ते तेवढं दाखवलं नाही. एवढ्या मोठ्या माणसाच्या शपथेवर दिल्लीत प्रश्न विचारले जातात हे छापून आलेलं पाहिल्यावर माझ्यासारखीनं काय समजायचं?

पैसे एकदम मागत नाहीत, तुकड्या-तुकड्यानं काढतात. नोंदणी २,१००, 'शपथ पडताळणी फाईल' १८,५००, माहिती अधिकाराचे अर्ज ४,५००, प्रतिज्ञापत्र ३,४००, नोटिसा १३,२५०. माहिती अधिकाराच्या अर्जाला सरकारी फी फक्त १० रुपये असते. फाईलच्या प्रत्येक पानावर लाल शाईचा अंगठा आणि गोल शिक्का, खाली 'घटनात्मक पडताळणी पूर्ण'. सरकारी कागदांशी रोज संबंध नसलेल्या कोणालाही तो खराच वाटेल.

अधिकाऱ्यांच्या शपथेचा कागद मागणाऱ्या माहिती अधिकाराच्या अर्जाला बँकेचं उत्तर आलं: 'सदर माहिती अभिलेखावर उपलब्ध नाही.' सर टेबलावर हात आपटून म्हणाले, "बघा, शपथ घेतलेलीच नाही!" हाच तो क्षण, रात्र-रात्र तोच डोक्यात फिरतो. कागद उपलब्ध नाही म्हणजे शपथ झाली नाही, असं कसं होईल? आणि बँकेच्या अधिकाऱ्यानं ती शपथ घ्यायचीच कशाला? तिसरी अनुसूची मंत्री, खासदार, आमदार, निवडणुकीचे उमेदवार, न्यायाधीश आणि महालेखापरीक्षक यांच्यासाठी आहे. तहसीलदार, तलाठी, बँक मॅनेजर तिच्यात कुठेच नाहीत. मी तेव्हा विचारलं होतं, तशी गप्प बसणारी मी नाही. तर म्हणाले, "ताई, हेच तर ते लपवतात." सगळा हॉल माना डोलावत होता. अशा वेळी एकटी बाई किती भांडणार?

पुढे दारावर ताब्याची नोटीस चिकटली, पेपरातही आली. तिच्याविरुद्ध कर्जवसुली न्यायाधिकरणात, म्हणजे डीआरटीत, जायला कलम १७ प्रमाणे ४५ दिवस असतात. सरांनी बजावलं होतं, "तिथे पाऊल टाकलंत की त्यांचा अधिकार मान्य केल्यासारखं होतं." हे वाक्य कोणीही ऐकवलं तर त्याच पावली उठून या. घर यानंच जातं. शेवटी आमची नोटीस वाचून बँकेतल्या अधिकाऱ्यानं चष्मा काढला आणि विचारलं, "ताई, मी काय मंत्री आहे?" तोवर ४५ दिवस उलटून गेले होते. आता वकिलामार्फत विलंबमाफीचा अर्ज केलाय.

त्या वकिलांनीच सांगितलं की १९८१ साली गोकराजू रंगराजू प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानं हा विषय संपवलाय: न्यायाधीशाची नेमणूक पुढे अवैध ठरली तरी त्यानं आधी दिलेले निकाल टिकतात. मग शपथेतल्या एका शब्दावरून तुमचं कर्ज कसं बुडेल?

पोलीस ठाण्यात गेलो तर "तुम्ही राजीखुशीनं पैसे दिलेत, हा दिवाणी वाद आहे." अदखलपात्र नोंद करून वाटेला लावलं. सायबर कक्ष म्हणाला, यूपीआय तुम्हीच केलंय, हॅकिंग नाही. वकिलांच्या संस्थेत गेलो तर तो वकीलच नाही, मग आम्ही काय करणार! अहो, वकील नसताना वकिली करतोय हीच तर तक्रार आहे. ॲडव्होकेट्स ॲक्टच्या कलम ४५ मध्ये त्याला सहा महिन्यांपर्यंत कैद आहे, हे मी त्यांना सांगायचं का? हप्ता चुकला की दारात चार माणसं येतात आणि आमच्या पैशाचं विचारलं की हा टेबल त्या टेबलावर ढकलतो. एका साहेबांनी तर शपथेचा कागद हातात घेऊन शेजारच्याला वाचून दाखवला, हसले आणि परत दिला. माझ्या ४१,७५० रुपयांचं हसू येतं यांना.

गुन्हा नोंदवत नसतील तर बीएनएसएसच्या, म्हणजे भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या, कलम १७३(४) खाली पोलीस अधीक्षकांना पोस्टानं लेखी तक्रार पाठवा, नंतर मॅजिस्ट्रेटकडे जाता येतं. मी पाठवलीय. फसवणुकीचं कलम आता बीएनएस (भारतीय न्याय संहिता) ३१८ आहे, ४२० म्हणत बसू नका. १३(२)ची नोटीस आली की लेखी हरकत द्या, बँकेला १५ दिवसांत उत्तर द्यावंच लागतं. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात वकील फुकट मिळतो, बायकांना उत्पन्नाची अटही नाही. हे मला आधी कोणी सांगितलं असतं तर सरांच्या दारात गेलेच नसते. रोख देऊ नका. पावतीवर 'देणगी' लिहून देत असेल तर घेऊ नका, आमच्या पावत्यांवर तेच आहे आणि पोलीस तेच दाखवतात.

त्याच्या ग्रुपमधून बाहेर पडलात तरी चॅट पुसू नका. ज्यांनी पैसे भरलेत त्यांनी पावत्या घेऊन एकत्र या. एकटीच्या तक्रारीला नोंदवहीत दोन ओळी मिळतात, दहा जणांना बसायला सांगतात.